जासईच्या यार्डातील ११० व्होल्टच्या सात वस्तूंबाबत

मी, संघमित्रा रघुनाथ तांबे, वय ६७ वर्षे, व्यवसाय : सेवानिवृत्त, विद्युत चाचणी प्रयोगशाळेत ३१ वर्षे नोकरी (आधी 'गृहिणी' लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडले आहे), राहणार नेरूळ, नवी मुंबई, समक्ष हजर राहून जबाब देते की,

नेरूळमधील एका लहान कारखान्यात २३० व्होल्टचे ११० करणारे ट्रान्सफॉर्मर बनतात. परदेशातून सामानासह परतलेले लोक ते घेतात. प्रत्येक ट्रान्सफॉर्मर मी तपासते. त्यासाठी त्याला ११० व्होल्टचे खरे उपकरण जोडून दोन तास चालवावे लागते. असे उपकरण इथल्या दुकानांत मिळत नाही. सीवूड्सच्या मॉलमध्ये विचारले असता "मॅडम, ऑनलाइन बघा ना," असे सांगण्यात आले.

मला ती उपकरणे जासई येथील भंगार व्यावसायिक वेणूबाई घरत, वय ५४, यांच्याकडे मिळाली. जुन्या जहाजांच्या स्वयंपाकघरांतील सामान त्या लिलावात घेतात. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. उपकरणामागच्या पट्टीवर व्होल्टचा आकडा कुठे असतो, हे मी त्यांना एकदाच दाखवले. ११० च्या प्रत्येक वस्तूच्या वायरीला त्या लाल चिंधी बांधतात. सहा वर्षांत एकही चूक नाही. प्रयोगशाळेत माझ्या हाताखाली पदवीधर इंजिनियर होते. त्यांच्यापैकी दोघांचेच काम मी पुन्हा न तपासता घेत असे. वेणूबाई तिसऱ्या. मी वस्तू नेते, चाचणी घेते व परत देते.

दि. ९ एप्रिल रोजी एका कंटेनरमधून परदेशी उपकरणे चोरीस गेली, त्या संशयावरून आज सकाळी वेणूबाईंना सात वस्तूंसह पोलीस ठाण्यात आणले. हे कळताच मी दुपारी १२.१० वाजता आले. वेणूबाई बाकावर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "बाय, तुमी कशाला उन्हाच्या आल्या? मी चोर नाय, हे सांगून माझी जीभ सुकली."

हवालदार उदयसिंह यांनी वस्तू चालू आहेत का ते पाहण्यासाठी चिंधी सोडून टोस्टर भिंतीच्या प्लगला लावायला घेतला. मी म्हणाले, "तो एकशे दहाचा आहे. जळेल." ते म्हणाले, "आजी, टोस्टर आमच्या घरी पण आहे." १२.२५ वाजता टोस्टर जळाला व ठाण्यातील पंखे बंद पडले. वेणूबाई म्हणाल्या, "साहेब, ती चिंधी काय नजर लागू नये म्हनून नव्हती बांधली."

जप्त वस्तूंच्या यादीत टोस्टर 'नादुरुस्त' असा लिहिला आहे. ठाण्यात येईपर्यंत तो दुरुस्त होता. तशी नोंद घ्यावी.

मी माझी चाचणीची वही हजर केली. तीत प्रत्येक उपकरणाचा कंपनीने घातलेला नंबर व चाचणीची तारीख माझ्या अक्षरात आहे. उदयसिंह यांनी वस्तूंवरचे नंबर वाचले, मी वहीत बोट ठेवत गेले. सातही जुळले. सर्वांत अलीकडची तारीख २१ फेब्रुवारी, म्हणजे चोरीच्या दीड महिना आधीची आहे. त्यानंतर उदयसिंह यांनी मला खुर्ची दिली. मी ती वेणूबाईंना दिली.

जबाब मला वाचून दाखवू लागले होते, परंतु मी तो हातात घेऊन स्वतः वाचला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. वेणूबाई सातही वस्तूंसह जासईच्या रिक्षात बसल्याचे खिडकीतून पाहिले व त्यानंतर, दुपारी ३.४० वाजता, खाली सही केली.