एक्केचाळीस रकाने आन् एक शशिधर

…न्हाय, मला एवढंच सांगा, एखाद्यानं घर बांधलं आन् आतलं कुणाला दिसंना, तर चूक कुणाची? बांधणाऱ्याची का बघणाऱ्याची? आमचा शशिधर म्हणतो, बघणाऱ्याची! "उघडं हाय की सगळं!" आरं, उघडं हाय तर दिसंना का?

तुम्हाला सांगतो, शाहूपुरीत दोन खोल्यांत आमची सॉफ्टवेअर कंपनी. मी शिवशरण, आन् माझा सिनियर ह्यो शशिधर. दोन हजार पाच साल उजाडलं, म्हणून गडहिंग्लजच्या चन्नम्माक्कांनी आपलं वधू-वर मंडळ वेबसाइटवर न्यायचं ठरवलं. सहाशे स्थळं! मेळाव्यात मोठ्या पडद्यावर दाखवायची. एकेका स्थळाला एक्केचाळीस रकाने… नाव, उंची, शिक्षण, मामाचं गाव, स्वभाव… शशिधरनं जावा भाषेत क्लास, म्हंजे माहिती भरायचा साचा लिवला, एक्केचाळीस रकाने आत भरले, आन् एकालाबी गेटर ठेवला न्हाय! गेटर म्हंजे काय, तर आतलं मागितलं की बाहेर काढून देणारा. आता वेबपान असतंय लग्नातल्या मानपानवाल्या पावण्यागत. मांडव सताड उघडा असूंदे, कुणीतरी पुढं हून "या पावणं" म्हटल्याबिगर त्यो पाय आत टाकत न्हाय. मग पान काय दाखवणार? नाव सापडंना. उंची सापडंना. नुसत्या एररी.

तिथल्या तिथं पानातच जावा खरडली असती तर भागलं असतं, पर आमचं सायेब नुकतंच पुण्याला सेमिनार ऐकून आलतं. "पानात जावा लिवायची न्हाय. कोड कसा स्वच्छ पायजे." बरं, मग शशिधरचा क्लासच दुरुस्त करू म्हटलं, तर मूळ कोड कुठाय? त्याच्या सीडीत. सीडी कुठाय? त्याच्या बॅगेत. बॅग कुठाय? बेंगळूरला! नवी नोकरी धरून गडी गेलता. फोन लावला, अकराव्यांदा उचलला. म्हणतो, "रकाने पब्लिक हाईत, उघडं हाय की सगळं. तुलाच बघाय येत न्हाय."

मला! मला बघाय येत न्हाय! आवो, त्या सहाशेत मीबी हुतो की. गडहिंग्लजची शिवलीला, बापाच्या औषधाच्या दुकानात बसती, तिच्या घरनं निरोप आलता, मेळाव्यात पडद्यावर पोराची माहिती बघू, पसंत पडली तर पुढचं बोलू. म्हंजे ते पान चाललं न्हाय तर माझं लगीनबी अडलं!

मग बसलो. त्याच्या क्लासभवती दुसरा क्लास गुंडाळला आन् एक्केचाळीस गेटर हातानं लिवाय घेतले. तीन दिवस. दर गेटरमागं शशिधरच्या सात पिढ्यांचा उद्धार. चाळीस झाले, राहिला 'स्वभाव'. आन् माझी बोटं थांबली… कारण शशिधरबी त्याच यादीत हुता की! आत कायबी असूंदे, बाहेर काय द्यायचं ते आता माझ्या हातात. बाकी समद्यांचा स्वभाव 'मनमिळाऊ, निर्व्यसनी', फॉर्मात जसा हुता तसा. शशिधरचा तेवढा मी घातला: "काम अर्धं टाकून पळतो. फोन उचलत नाही. चूक दाखवली की दाखवणाऱ्यालाच येडं ठरवतो." लई गार वाटलं बघा. उघडं पायजे न्हवं तुला? घे उघडं!

रविवारी मेळावा. हॉल गच्च. पडद्यावर मनमिळाऊ निर्व्यसनी, मनमिळाऊ निर्व्यसनी… लोकं पेंगाय लागली. मी आलो, मनमिळाऊ निर्व्यसनी, पुढच्या रांगेतल्या म्हातारीनं जांभई दिली. आन् मग आला शशिधर! हॉल जो हसतोय, जो हसतोय… चन्नम्माक्का चष्मा पुसून परत वाचाय लागल्या. मी मागं भिंतीला टेकून मनात पेढे वाटतोय. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतनं शिवलीला उठली. माझी शिवलीला! म्हणती कशी, "अक्का, एवढ्या पोरांत ह्यो एकच खरं लिवणारा दिसतोय. ह्याचा नंबर द्या."

आता काय करता? ते मी लिवलंय म्हणून सांगू? नोकरी जायची, आन् वर माझा मनमिळाऊपणाबी जायचा.

मागल्या आठवड्यात शशिधरचा फोन. आता आपणहून करतोय बघा! लगीन ठरलं म्हणाला, ये. आन् मग म्हणतो, "ती सारखी म्हणती, असलं लिवाय छाती लागती. काय लिवलंय रे तिथं? वाच की जरा." मी वाचलं. दात-ओठ खाऊन, एकेक शब्द ठासून वाचलं, म्हटलं, आता तरी झोंबंल ह्याला! मग गडी म्हणतो, "बरोबर हाय की. फॉर्म आमच्या आप्पांनी भरलाय, ते मला चांगलं वळखत्यात."

मी म्हटलं, व्हय. आप्पास्नी नमस्कार सांग.