सासूबाईंचं बी-ट्वेल्व्ह

नाही हो सिस्टर, औषधाला कुठं नावं ठेवतेय मी — गुण आला म्हणून तर बोलतेय. बसा दोन मिनिटं. सासूबाई आत पेपर वाचताहेत, अक्षर न् अक्षर. चार महिन्यांपूर्वी याच बाई, पायातली चप्पल वाटेत गळून पडली तरी पत्ता नसायचा — पाय बधिर, जीभ लालभडक, आणि मुलालाच विचारायच्या, आपण कोण? आम्ही म्हटलं वय झालं, भ्रमिष्ट झाल्या. डॉक्टर म्हणाले, वय नाही, अंगात बी-ट्वेल्व्ह नाही — त्याच्यावाचून रक्त धड बनत नाही, नसांवरचं वेष्टण झिजतं, वायरीवरचं प्लास्टिक उडावं तसं. यांच्या पोटाला ते शोषूनच घेता येत नाही, म्हणून सुई. एवढंसं लाल पाणी, आणि बाई ताळ्यावर. ह्यांनी अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं.

मी? मीही खूश — का नसेन? सोळा वर्षं या घरात मी 'अगं ए'. केलं तरी चुकलं, नाही केलं तरी चुकलं. मग हे दुखणं आलं आणि मी त्यांची धाकटी बहीण झाले. हो, खरंच — 'बेबी' म्हणायच्या मला. दुपारी पुढ्यात बसवून वेणी घालायच्या. बोटांना मुंग्या, कंगवा हातातून निसटायचा, तरी घालायच्या — वेडीवाकडी, सैल, मी ती दिवसभर सोडायची नाही. मला आई नाही हो. कळायला लागल्यापासून नाही. तुमच्या चौथ्या सुईला बेबी गेली, 'अगं ए' परत आली.

गावाला? कुठलं गाव अन् कुठलं काय — मागचे दोन आठवडे इथंच होतो आम्ही. सुई चुकावी म्हणून मीच खोटा फोन केला तुम्हाला. म्हटलं बघू, एकदा तरी चुकून 'बेबी' म्हणतात का. नाही म्हणाल्या. अशा बघू नका माझ्याकडे — नसा कायमच्या जातील, माहीत आहे, मलाही समजावलंय डॉक्टरांनी. ह्यांना सांगू नका तेवढं.

परवा धीर करून विचारलं, आई, माझी वेणी घालायचात, आठवतं? तर म्हणाल्या, "तुझी? मी कशाला घालीन?"

जा, आत जा. दंडाला नको, कमरेला द्या — दंड दुखतो त्यांचा. मी नाही येत.