शर्यतीच्या गाडीतली गादी

माझं माहेर तळेघरच्या बी वर डोंगरात, भाताची खाचरं अन् नाचणी, एष्टी आली तर आली न्हाई तर चाला, असं ते गाव, तिथून लगीन करून इकडं अवसरी खुर्दला आले, अन् काय सांगू तुम्हाला भाऊ, पहिले सहा म्हैने सपाट रस्त्यानं चालताना माझे पाय दुखायचे. आमच्या मालकांचं हायवेला सीट कव्हरचं दुकान, जीपा, टेम्पो, ट्रॅक्टर, सगळ्यांच्या गाद्या तेच शिवायचे. पुढं त्यांच्या हाताला कंप सुटला, सुईत दोरा जाईना, मग मी मशिनवर बसले. गिऱ्हाईक माघारी जायचं, सगुणाबाई काय सीट शिवणार म्हणून, पण मी गोधड्या शिवत वाढलेली बाई, माझ्या गादीवरनं माणूस उठताना कुरकुरतोच. पोरंबाळं आम्हाला झाली न्हाईत. ते जाऊ द्या, ते सांगायला न्हाई बसले मी.

तर अश्विनी. ही बी तिकडचीच, तळेघरची, बाप भीमाशंकरच्या रस्त्याला जीप चालवायचा, त्याच्या मांडीवर बसून पोरगी वळणं शिकली. इथं इंजिनिअरिंगच्या कॉलेजला आली, तिथं पोरापोरींनी शर्यतीची एक बारकी गाडी बनवली, तिची सीट शिवायला माझ्याकडं आली, अन् मी बी तिकडचीच हे कळल्यावर मावशी म्हणाया लागली ती आजपातूर. एवढीशी पोरगी, माझ्या खांद्याला लागती, पण गाडी अशी हाणायची की एका शेठनं तिला टीममधी घेतली. देशातली मोठी शर्यत ती, जीटी म्हणत्यात, गाड्या आपल्या रस्त्यावरच्या वानीच दिसत्यात पण जमिनीला टेकलेल्या. वर्साला चार राउंड. एका गाडीला दोन डायवर, अर्धी शर्यत एकानं मारायची, अर्धी दुसऱ्यानं. दुसरा म्हंजे शेठचा पुतण्या, ताडमाड उंच, सीट त्याच्या मापाची, हिचे पायच पोचंनात. म्हणून हिच्यापुरती येगळी गादी पायजे, तो उतरला की घालायची, ती उतरली की काढायची. ती म्हणली, माझ्या मावशीकडनंच घ्या.

शेठनं फोम दिला, आगीला दाद न देणारं कापड दिलं, अन् मी जीव ओतून शिवली. कडा गोल केल्या, हात ठिवला तर हात बुडावा अशी मऊ. मला बी संगं घेऊन गेले, पार दक्षिणेत, गाडीनं दीड दिवस. अश्विनी बसली अन् म्हणली, मावशी, लई भारी. मला आभाळ ठेंगणं झालं.

पहिला राउंड गेला, दुसरा गेला, पोरगी मागंच. पुतण्या गाडी पुढं आणून द्यायचा अन् हिच्या हातात आली की ती मागं मागं. तिसऱ्याला तर गिरकी घेऊन गवतात गेली, लागलं कुणाला न्हाई. शेठ वाईट माणूस न्हाई, पण सगळ्यांच्या देखत म्हणला, शेवटच्या राउंडला असंच झालं तर म्होरल्या वर्षी मी दुसरा डायवर बघणार. अश्विनी मान खाली घालून, बरं सर, एवढंच म्हणली.

मी तिला टायरांच्या चळतीमागं नेली. म्हणलं, कॉलेजच्या गाडीत तू असं कधी केलं न्हाईस, खरं सांग. ती उठून जाया लागली. म्हणलं, बापाची आण हाय तुला. तवा रडत म्हणली, मावशी, गादी मऊ हाय. मागलं चाक सुटाय लागलं की डोळ्याला नंतर दिसतं, पाठीला आधी कळतं, अन् ह्या गादीत पाठीला काय कळतच न्हाई. मग आधी का बोलली न्हाईस भवाने? तर म्हणती, तुमी इतक्या मायेनं शिवली व्हती.

बघा भाऊ, माझ्या मायेपायी पोरीची जागा चालली व्हती, अन् ती माझं मन राखत बसली व्हती. आधी तिचा राग आला, मग माझाच. तशीच शेठकडं गेले, म्हणलं, चूक पोरीची न्हाई, माझी हाय. शेठ म्हणला, एकच राउंड ऱ्हायलाय मावशी, करा नीट.

घरी आल्यावर मालकांना सांगितलं, तर ते हसाया लागले. म्हणले, अगं, ट्रॅक्टरवर माणूस झोपाय बसतो व्हय? कडक कर. मग सगळी उसवली, जाडी तेवढीच ठिवली पण आत पाटासारखा टणक फोम घातला, पोरीला पुढ्यात बसवून तिच्या पाठीबरहुकूम कोरला. टाका घालताना हात माघारी यायचा. टोचंल अशी गादी मी उभ्या जन्मात शिवली नव्हती.

शेवटच्या राउंडला पुतण्या उतरला, गादी सरकवली, ती बसली, त्यानं तिचे पट्टे आवळले, अन् ती वरडतीय, आवळ, आणखी आवळ. मला बघवंना. टायरांच्या मागं जाऊन कान झाकून बसले. किती येळ बसले देवाला ठावं, शेठच मला हुडकत आला, म्हणला, मावशी, तुमच्या पोरीनं दोन गाड्या मागं टाकल्या. कप बिप काय न्हाई, चौथा नंबर. पण म्होरल्या वर्षी बी हीच, असं तो सगळ्यांच्या देखत म्हणला.

मग तिचा तो जाड ड्रेस उतरवाय लागले, तर पाठीवर माझ्या शिवणीची रेघ उठलेली, मानंपासनं कमरंपातूर, लालभडक. हात लावला अन् रडू फुटलं, म्हणलं, काय केलं गं मी तुला. ती म्हणली, मावशी, ह्या रेघंवरनंच तर कळत व्हतं गाडी कुठं चाललीय.

आता नवा सिझन लागलाय. दुकान चाललंय, मालकांचा हात हाय तसाच हाय. पोरगी रविवारी जेवाय येती, गादी काखंत मारून, म्हणती, हितं अजून कडक पायजे. मी करून देते, पाठीला खोबरेल लावून देते. देवापुढं उभी ऱ्हायले की तिला मऊ मिळू दे असं तोंडाशी येतं, ते मी गिळते. म्हणते, पोरीला खडा न् खडा कळू दे बाबा, अन् गाडीतनं आपल्या पायानं उतरू दे.