पलंगाखालचं विमान

सांगते तुम्हाला, आमच्या घरी कंबर कोणाचीच दुखत नाही. पिंकीचे बाबा विमानात सामान भरतात. विमानाच्या पोटात उभं राहता येत नाही, गुडघ्यावर बसून बॅगा ओढाव्या लागतात. मी रोज विचारते, "कंबर दुखते का जी?"

"काही नाही वं. तू काहून घाबरून राहिली?"

काल ते जेवत होते. तीन वर्षांची पिंकी पलंगाखाली शिरून, गुडघ्यावर बसून उशा आत ओढत होती.

"काय करून राहिली वं?" मी विचारलं.

"बाबा-बाबा खेळून राहिली."

शेवटची उशी आत गेली. पिंकीनं कंबर धरली, "माय वंऽ" म्हणून कण्हली आणि बाहुलीला म्हणाली, "मम्मीले सांगू नको हं."

बाबांचा घास हातातच राहिला. मी तेल गरम करायला ठेवलं.