बाबांच्या फोल्डरची तारीख

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात शिवणकामवाल्या मावशी बंद पडलेला लॅपटॉप मांडीवर घेऊन ताटकळल्या होत्या. पुढच्या बहीणभावाचं काही आटपेना. भाऊ सारखा पाय हलवत होता.

"ताई, चल ना. झालाय की कॉम्प्युटर सुरू!"

"थांब रे. काका, बाबांच्या फोल्डरवर मंगळवारची तारीख कशी?"

"मी नुसता उघडून पाहिला. झालं?" भाऊ मध्येच म्हणाला.

"नुसतं उघडून फोल्डरची तारीख बदलत नाही," दुरुस्तीवाले काका म्हणाले.

"मग बदलली असेल एखादी फाइल!"

"फाइलींच्या तारखा जुन्याच आहेत. म्हणजे आत काहीतरी नवं आलंय, नाहीतर आतलं काहीतरी गेलंय."

"दवाखान्यातला व्हिडिओ कुठाय रे?" बहिणीने भावाला विचारलं.

भावाचा पाय हलायचा थांबला.

"बोल की! बाबांचा शेवटचा होता तो. तुलाच हाका मारत होते त्यात."

"म्हणून तर काढला. मी आलो नव्हतो ना तेव्हा. येईल त्याला दाखवत सुटतेस!"

"ताई, डिलीट केलेल्यांत सापडला. परत आणू?" काकांनी विचारलं.

"राहू दे, काका," बहीण पुटपुटली.

"आणा," भाऊ म्हणाला. "मी तो शेवटपर्यंत कधी ऐकलाच नाही."