आधी झोळी

पनवेलच्या एसटी स्टँडवर रांगेत माझ्यापुढे एक आजी आणि तिची तरणी नात उभ्या होत्या.

"आजी, वीटभट्टीवरची पोरं बालवाडीत नाय आली तर? आज पहिलाच दिवस माझा."

"पिशवीत झोळी घातलीय, रूपे. आधी ती टांग."

"मी शिकवायला चाललेय, पाळणा हलवायला नाय!"

"अगं, भट्टीवरच्या पोरींच्या कडेवर भाऊ असतो. तो झोळीत निजला की त्या मोकळ्या. आमच्या बाईंनी असंच केलं. माझा भाऊ अंकुश झोळीत, मी पाटी घेऊन पुढं."

"आणि आता दुकानांच्या पाट्या वाचत सुटतेस."

"वाचते तर! ती बघ, कोन गावाची गाडी लागली."

"चल मग."

"अशी नाय." आजीनं झोळीची पिशवी नातीच्या हातात दिली. "तुमी पुढं व्हा, बाई."