शेजारचे दोन दात

माझा पुढचा दात वाचणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. ब्रिज बसवायचा की इम्प्लांट, ते मला ठरवायचं होतं. ही जाऊन वर्ष झालं, घरी विचारायला कोणी नव्हतं. बाहेर बाकावर एक शिंपी आणि त्याची बायको बसली होती. दातानं दोरा तोडून तोडून तिचाही पुढचा दात गेला होता.

“मी ब्रिजच बसवते. पंधरा दिवसांत मोकळी.”

“त्यासाठी शेजारचे दोन चांगले दात घासणार. त्यांनी काय घोडं मारलंय?”

“आणि इम्प्लांटला हाडात स्क्रू. वर कितीतरी महिने थांबायचं. तोवर गिऱ्हाइकांपुढे तोंड मिटून बसू?”

“बस की. दुकानात जरा शांतता.”

“अहो, थट्टा नको. इतके महिने मी अशी चालेन तुम्हाला?”

“न चालायला काय झालं? शिवण उसवली म्हणून कोणी शर्ट टाकतं का?”

“बरं, मग इम्प्लांट. पण बोळकी म्हणालात तर याद राखा.”

“म्हणणारच. आणि आता दोरा कात्रीनं कापायचा.”

“ते नाही जमायचं.”

त्यांना आत बोलावलं. मग नर्सनं मला विचारलं, “काका, तुमचं काय ठरलं?”

मी पुढची तारीख घेऊन घरी आलो. माझं अजून ठरायचं आहे.